कपाटातला निळा रंग

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. अकरा वर्षं झाली. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, पण ते खोटं आहे. राहून जाते ती छत्री, नाहीतर चष्म्याचं घर. पत्राला उत्तर न देणं हे काम आहे, आणि ते मी रोज उठून केलं आहे.

पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर होतं. खालच्या कोपऱ्यात एक निळा ठसा होता, अंगठ्याचा. मजकूर मला पाठ आहे.

‘ग्रंथपाल साहेबांस नमस्कार. मी परवा येऊन गेले ती. माझी मोठी मुलगी आठवीत आहे आणि तेवीस दिवस तुमच्या खोलीत बसते आहे. मी कापड रंगवण्याचं काम करते. तुमच्या कपाटातला तुकडा विटला आहे. त्याच्या कोपऱ्यावर शाळेच्या शिक्क्याची चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती उचलून खाली बघा. खाली जो रंग असेल तोच माझ्या मुलीच्या स्कर्टचा आहे. तुम्ही बघितलं एवढं एका ओळीत लिहून द्या. बाकीचं मी बघून घेते.’

एक ओळ मागितली होती. पुस्तकांत जन्म घालवलेल्या माणसाकडे एक ओळ.

मी शाळेचा ग्रंथपाल होतो. नियमपुस्तिकाही मीच लिहायचो, कारण मुख्याध्यापकांना माझं मराठी आवडायचं आणि मला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. छत्तीस वर्षांपूर्वी, म्हणजे जुने मुख्याध्यापक असताना, त्यांनी मला बोलावून कापडाचा एक तुकडा हातात दिला. गडद निळा, जाड सुती. ते म्हणाले, हा नमुना आपण शाळेत ठेवू. ज्याला जिथून परवडेल तिथून त्यानं कापड घ्यावं, घरी शिवावं, थोरल्याचं धाकट्याला घालावं. रंग या तुकड्याशी जुळला की झालं. माणूस साधा होता. त्यांनी स्वतः दोन मुलींना एकाच स्कर्टवर वाढवलं होतं.

मी घरी जाऊन नियम सात लिहिला. ‘गणवेशाचे कापड गडद निळे व ग्रंथालयात ठेवलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळणारे असावे.’ कुठूनही घ्या, हे लिहायचं मला सुचलं नाही. तंतोतंत हा शब्द मात्र सुचला आणि त्याचा मला फार आनंद झाला. कापडाच्या नियमात तंतोतंत! दोन दिवस मी त्या शब्दावर खूश होतो. पुढे त्या शब्दानं किती घरांचे गळे धरले, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

तुकडा ज्या पुठ्ठ्यावर लावायचा होता त्यापेक्षा मोठा होता, म्हणून मी त्याची एक कड कापून काढली. माझा हात कापतो, तेव्हाही कापायचा. कात्री मध्येच हलली आणि कडेला एक वेडावाकडा दात पडला. कापलेली पट्टी टाकून द्यायच्या ऐवजी मी माझ्या घरच्या शब्दकोशात खूण म्हणून घातली. पुस्तकातल्या माणसाच्या हातून काही फेकलं जात नाही.

आता खरी चूक सांगतो. ग्रंथालयाला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी होती. दुपारी तीनपासून तिथून ऊन आत यायचं. त्या खिडकीखालच्या काचेच्या कपाटात विश्वकोशाचे खंड होते आणि उन्हानं त्यांच्या पाठी उडायला लागल्या होत्या. मी हळहळलो. सगळे खंड स्वतः उचलून आतल्या भिंतीला नेले. आणि त्या रिकाम्या झालेल्या कपाटात, प्रकाश चांगला आहे, पालकांना रंग नीट दिसेल, म्हणून कापडाचा नमुना ठेवला. पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून जी जागा मी रिकामी केली, तीच मी रंगाला दिली. असा गाढवपणा अडाणी माणूस करणार नाही. त्याला शिकलेलाच लागतो.

जुने मुख्याध्यापक गेले. नवी व्यवस्थापन समिती आली. समितीच्या अध्यक्षांच्या साडूचं कापडाचं दुकान होतं. ‘पालकांच्या सोयीसाठी’ ते दुकान गणवेशाचं अधिकृत दुकान झालं. दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी साडू एक ठाण घेऊन ग्रंथालयात यायचे, मी कपाट उघडायचो, ठाण नमुन्याला लावून पाहायचं, जुळलं की एका कागदावर अध्यक्षांची सही, साडूंची सही आणि खाली साक्षीदार म्हणून माझी. ठाण नेहमी जुळायचं. न जुळून काय करील? साडू दोन महिने आधी येऊन कपाटातल्या रंगाप्रमाणे गिरणीतून कापड रंगवून आणायचे. नमुना दर वर्षी थोडा विटायचा आणि शाळा दर वर्षी त्याच्या मागोमाग विटायची.

नीट समजून घ्या याचा अर्थ. गेल्या वर्षीचा स्कर्ट यंदाच्या रंगाला जुळायचा नाही. ताईचा धाकटीला चालायचा नाही. बाजारात गडद निळं कापड ढिगानं मिळायचं, ते तर फाटकावरूनच परत. फाटकावर एक बाई हातात पुठ्ठा घेऊन उभ्या असायच्या; मुलं त्यांना शिस्तबाई म्हणायची. पुठ्ठ्यावर त्या वर्षीच्या ठाणाचा तुकडा. प्रत्येक मुलीच्या स्कर्टला पुठ्ठा लावायचा, जुळलं की आत, नाही जुळलं की ग्रंथालयात. वर्गात नाही. ग्रंथालयात बसलेला दिवस गैरहजर म्हणून लागायचा आणि गैरहजेरीचे तीस दिवस भरले की वार्षिक परीक्षेला बसता यायचं नाही. त्या गैरहजेरीचे रकाने रोज संध्याकाळी मी भरायचो. सुवाच्य अक्षरात.

अशी ती मुलगी माझ्याकडे आली. तिची बोटं नखांपर्यंत निळी असायची, म्हणून वर्गात तिला ‘शाई’ म्हणत. तिची आई कापड रंगवायची आणि ही तिला मदत करायची. आईनं शाळेच्या नियमपुस्तिकेत वाचलं, ‘गडद निळे’, आणि लेकीसाठी पक्का गडद निळा रंगवला, जो धुण्यात उतरत नाही, उन्हात उडत नाही. त्या स्कर्टचा गुन्हा इतकाच की तो नियमात लिहिला होता तसा होता.

शाई खिडकीपासून लांब बसून समुद्रातल्या प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक वाचायची. मधूनच मान वर करून मला सांगायची, सर, याला तीन हृदयं असतात. मी म्हणायचो, हो का. मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं हे कबूल केलं पाहिजे. ग्रंथालयात कुणीतरी वाचत होतं. तिचं वर्ष वाया चाललंय, हे मला माहीत होतं, आणि तरी मला बरं वाटायचं.

मग तिची आई आली. कडेवर वर्षाची धाकटी मुलगी. कपाटापुढे उभी राहिली, फार तर पाच श्वास. मग म्हणाली, “हा तर विटलाय.” मी म्हणालो, हाच नमुना आहे. ती म्हणाली, “नमुना असेल हो, पण विटलाय. ती चिठ्ठी जरा उचला, खाली कळेल.” मी म्हणालो, मला तसा अधिकार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं कापड रंग धरील की नाही ते पाहावं, तसं. आणि गेली. दोन दिवसांनी पत्र आलं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ओल्या कापसानं ती चिठ्ठी उचलली. जुन्या पुस्तकांवरची लेबलं अशीच काढतात, माझा हात बसलेला आहे. खाली गडद निळा चौकोन होता. बाकीचा तुकडा राखेसारखा आणि कोपऱ्यात तो चौकोन, कुणी खिडकी उघडल्यासारखा. मी बराच वेळ पाहत बसलो. मग मी गोंद घेतला आणि चिठ्ठी परत चिकटवली. आयुष्यात इतकी सफाईदार चिठ्ठी मी कधी चिकटवली नव्हती.

कारणं होती. नमुना उन्हात मी ठेवला होता. साक्षीदार म्हणून सह्या माझ्या होत्या. सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले होते. ही माझी कारणं. आता वाचून दाखवली तर कुणी उठूनही जाणार नाही, इतकी सामान्य. उत्तराचे अकरा मसुदे केले. ‘विटला’ लिहावं की ‘फिका झाला’, यावर दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांत शाईचा आकडा चोवीसवरून सव्वीसवर गेला, आणि तो आकडाही मीच लिहिला. तिसावा दिवस भरला. एकतिसाव्या दिवशी ती आली नाही. समुद्राचं पुस्तक टेबलावर पालथं होतं. मी ते उचलून जागेवर ठेवलं, कारण ते माझं काम होतं.

*

मी सत्तरीला टेकलो आहे. माझ्याबरोबर माझी थोरली बहीण राहते, अक्का. तिनं आयुष्यभर मला ‘वाघोबा’ म्हटलं आहे आणि ते कौतुकानं नाही हे आमच्या दोघांनाही माहीत आहे. सोमवारी संध्याकाळी तिनं खिडकीचे पडदे काढले, माझ्या हातात गाठोडं दिलं आणि म्हणाली, पलीकडच्या रस्त्याला रंगवून देणारं दुकान निघालंय, देऊन ये. दुकानदाराशी बोलावं लागेल, घाबरू नको.

दुकान म्हणजे लांबट खोली. पुढे फळी, मागे पडदा, पडद्यामागे वाफ आणि मोठ्या पातेल्यात लाकडी दांडा फिरल्याचा घरघर आवाज. फळीमागे पंचविशीची एक मुलगी होती. तिनं माझा पडदा उलगडला, खालची दुमड न उसवताच नखानं जराशी उघडली आणि मला दाखवली. “हा बघा याचा मूळ रंग. कापड चांगलं आहे, नुसतं उन्हानं खाल्लंय.” तिची बोटं नखांपर्यंत निळी होती.

मी त्या बोटांवरून नजर उचलून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तिनंही माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. नमस्कार केला नाही, अपमानही केला नाही. म्हणाली, समुद्राच्या प्राण्यांची शेवटची वीसेक पानं राहिली माझी, सर. अजून आहे का ते पुस्तक? मी म्हणालो असेल. मग पडदा कधी मिळेल ते ती सांगू लागली आणि मी निमूट ऐकत होतो. तिनं चिठ्ठी फाडून दिली असती आणि मी निघालो असतो, अकरा वर्षं निघालो होतो तसाच. पण फळीच्या टोकाला एका खिळ्याला शाळेचा स्कर्ट लटकत होता. आमच्या शाळेचा. म्हणजे जवळजवळ.

“धाकटीचा,” ती म्हणाली. “सातवीत आहे ती. आज सव्विसावा दिवस.”

तिनं सगळं सांगितलं, हिशेब समजावून सांगावा तशा आवाजात. धाकटीच्या वेळी मायलेकी शहाण्या झाल्या होत्या. गेल्या वर्षी आईनं कपाटातला तुकडा पाहून घेतला आणि हुबेहूब तो विटका रंग काढला. पुठ्ठा लावला, जुळला, मुलगी आत गेली. यंदा तोच स्कर्ट नेला तर जुळेना, कारण तुकडा आणखी विटला होता. दुकानातला नवा घ्यायचा तर खोलीचं दोन महिन्यांचं भाडं. बरं, गडदाचा फिका करायचा तर कापडाचा जीव जातो. आई म्हणाली, एकदा खोटा रंग काढला, आता काढणार नाही. दर वर्षी ते ऊन किती खाईल तेवढं मी रंगवत बसू का? शाळेत जाऊन सांगितलं की तुकडा विटतोय. शिस्तबाई म्हणाल्या, नमुना विटत नाही, नमुना म्हणजे नमुना.

“म्हणजे शुक्रवारी तीस होतात,” मी म्हणालो.

“तुम्हाला बरोबर मोजता येतात,” ती म्हणाली.

तेवढ्यात मागचा दांडा फिरायचा थांबला. पडद्यामागून तिच्या आईचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

“त्यांना विचार, पत्र मिळालं होतं का.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला वाव होता; माणूस टपालखात्यावर काहीही ढकलू शकतो. का कोण जाणे, जीभ वळली नाही. “मिळालं होतं,” मी म्हणालो.

मुलीनं मान पडद्याकडे वळवली.

“मग ठीक आहे,” ती आतून म्हणाली. “मला वाटलं होतं, वाटेत गहाळ झालं.”

आणि दांडा पुन्हा फिरू लागला.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी घेऊन आलो असतो आणि पुस्तकात घालून ठेवल्या असत्या. पण अकरा वर्षं त्या बाईनं मला चांगलं समजून घेतलं होतं. पत्र पोचलं असतं तर यानं ओळ लिहिली असती, असा तिचा भरवसा होता. तो भरवसा मी फळीशी उभा राहून, उरलेल्या पडद्यांचं गाठोडं हातात धरून, दोन शब्दांत मोडला. बाहेर आल्यावर मला लाज वाटेल असं वाटलं होतं. लाज माझ्या सवयीची आहे. पण लाज नव्हती ती. मला राग आला होता. इतका की रस्ता ओलांडताना मी एका गाडीवाल्यावर ओरडलो, आणि तो बिचारा थांबला.

मंगळवारी, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी, मी शाळेत गेलो. शिस्तबाई आता उपमुख्याध्यापिका झाल्या आहेत. त्यांनी चहा मागवला, सर किती दिवसांनी म्हणाल्या. खोलीत साडूही बसले होते, पुढच्या वर्षाच्या कापडाचं बोलायला. मी सहज म्हणून ग्रंथालय बघायला निघालो, तर दोघं सौजन्यानं बरोबर आले.

कपाट तिथेच, खिडकीखाली. आतला तुकडा आता निळा म्हणवत नव्हता. राखेला निळ्याची अंधुक आठवण असावी, तितकाच. कोपऱ्यावर माझी ती सफाईदार चिठ्ठी. आणि भिंतीवर फ्रेममध्ये नियमपुस्तिकेचं पान: ‘गडद निळे’. पाचशे मुली राखाडी घालून त्या पानाखालून रोज जातात आणि एकही मोठं माणूस हसत नाही, एकही रडत नाही.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मुलगी एकटी वाचत बसली होती. कपाळ आईचं. तिनं मान वर करून पाहिलं.

मी मनात सगळं जुळवून नेलं होतं. ते पाठ केलेलं भाषण मी गिळलं, कारण साडू कपाटावर बोटं वाजवत हसून म्हणाले, “काय सर, आठवतंय ना? तुम्ही हे उन्हात ठेवलंत म्हणून आमचं घर चाललंय. ऊन म्हणजे माझा बिनपगारी भागीदार.” शिस्तबाई हसल्या. मी पुटपुटलो, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, “अहो, कापडवाला मी. मला नाही कळणार? पण तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही झालं नाही. दर वर्षीच्या कागदावर सही आहे की तुमची.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड नव्हता. तेच वाईट होतं. त्यांना मला दाबायची गरजच वाटली नाही.

मी म्हणालो, “हा नमुना...”

“नमुन्याचं काय?” शिस्तबाई म्हणाल्या.

“कपाट जरा उघडता येईल का?”

“चावी समितीकडे असते आता. काय काम होतं?”

आणि मी, सत्तर वर्षांचा माणूस, म्हणालो, “नाही, तसं काही नाही.”

कोपऱ्यातल्या मुलीनं मान खाली घातली आणि पान उलटलं.

घरी आलो. अक्का भाजी निवडत होती. “काय वाघोबा, शेपूट घालून आलात?” तिनं सवयीनं विचारलं. मी खुर्चीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पत्र, चिठ्ठी, गोंद, अकरा मसुदे, सगळं. अकरा वर्षं एका घरात राहून तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही, म्हणजे ती किती संतापली होती बघा.

शेवटी तिनं भाजी बाजूला सारली. “तुला बोलता येत नाही, हे मला साठ वर्षं माहीत आहे. पाहुणे आले की पलंगाखाली जायचास. पण लिहिता येतं म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं ना तुला? मग ते कशासाठी होतं? नुसतं कपाटात ठेवायला?”

मी उठलो. शब्दकोश खालच्या फळीवर होता. अक्का म्हणाली, आता शब्द कसले शोधतोस, मेल्या. मी म्हणालो, शब्द नाही शोधत. पट्टी दोन पानांमध्ये होती, ज्या दिवशी ठेवली त्या दिवसासारखी. छत्तीस वर्षं अंधारात. अक्कानं ती उचलून खिडकीशी धरली. असा निळा होता तो, की तिनं पट्टी उलटसुलट करून दोनदा पाहिली. कडेला माझ्या कापऱ्या हातानं पाडलेला वेडावाकडा दात होता. कपाटातल्या तुकड्याच्या कडेलाही तोच दात आहे, उलटा. दोन्ही एकमेकांना लावले की बसतील, आणि मग कुणाची सही चालणार नाही, कुणाचा हात खांद्यावर पडला तरी उपयोग होणार नाही. एकच कापड. एक उन्हातलं, एक अंधारातलं.

हे मला पत्र आलं तेव्हाही माहीत होतं. तेव्हाही पट्टी शब्दकोशातच होती. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण ते वगळायचा मोह मला आत्तासुद्धा झाला.

टेबलाशी बसलो आणि लिहिलं. मसुदा केला नाही. खोडलं नाही. ‘विटला’ लिहिलं आणि पुढे गेलो.

‘बाई, तुमचं पत्र टपालात गहाळ झालं नव्हतं. ते मी गहाळ केलं. तुम्ही सांगितलंत तशी चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी उचलून पाहिली. खाली गडद निळा होता. नमुना विटला आहे. तो उन्हात मी ठेवला. दर वर्षी तो विटत गेला आणि दर वर्षी त्या विटक्या रंगावर मी साक्षीदार म्हणून सही केली. ही पाच वाक्यं मी तेव्हा लिहायला हवी होती. लिहिली असती तर तुमच्या मोठ्या मुलीचं वर्ष गेलं नसतं. त्याची भरपाई नाही, आणि मी माफी मागून तुमच्यावर आणखी एक काम लादत नाही.

‘नियम सात मी लिहिला आहे. नमुना पालकांना कापड कुठूनही घेता यावं, घरी शिवता यावं, मोठ्याचं धाकट्याला घालता यावं म्हणून ठेवला होता. हे जुन्या मुख्याध्यापकांचे शब्द आहेत आणि मी ते कानांनी ऐकले आहेत. ते पुस्तिकेत आले नाहीत, कारण मला ते लिहायचं सुचलं नाही. दुकानाला विटणं माहीत आहे. दुकानाच्या मालकांनी आज माझ्यासमोर आणि उपमुख्याध्यापिकांसमोर तसं हसत सांगितलं.

‘सोबत त्याच कापडाची पट्टी आहे. तिची एक कड वेडीवाकडी कापलेली आहे. ती कपाटातल्या तुकड्याच्या कडेला लावून बघायला सांगा. कपाट उघडत नाही म्हणाले तर काचेवरून लावा. तुमच्या धाकट्या मुलीचा स्कर्ट कुठल्या वर्षीच्या उन्हाशी जुळतो, हे विचारायचा अधिकार शाळेला नाही. हे पत्र कुणालाही दाखवा, मोठ्यानं वाचा. याची एक प्रत मी शिक्षण कार्यालयाला आणि एक समितीला पाठवतो आहे.

‘बाकीचं मी बघून घेते, असं तुम्ही लिहिलं होतं. गुरुवारी सकाळी शाळा भरताना मी फाटकाशी उभा असेन. मला ऐनवेळी बोलता येत नाही. मी अडखळलो तर तुम्ही हे वाचायला सुरुवात करा, मी शेजारी उभा राहीन आणि हे माझं आहे म्हणेन. तेवढं मला जमेल.’

खाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता. प्रती अक्कानं समोर बसून करायला लावल्या.

मग ती म्हणाली, एवढ्यासाठी टपाल कशाला, दुकान दहा मिनिटांवर आहे, हातात नेऊन दे. मी म्हणालो, नाही. मी स्वतःला ओळखतो. दारापर्यंत जाईन, पाकीट खिशात चाचपीन, पहिली ओळ जरा कडक झाली का असं मनात येईल आणि परत येईन. असे अकरा मसुदे याच खिशातून परत आले आहेत. मला ते अशा जागी टाकायचं होतं जिथून मलाच काढता येणार नाही. अक्कानं चपला घातल्या. म्हणाली, चल, मी येते. रस्ताभर माझा दंड धरून होती, पोलिसानं धरावा तसा.

टपालकचेरीत पाच वाजायला दहा मिनिटं होती. माझ्यापुढे दोघं होते. रांगेत उभं असताना मला खरोखरच पहिली ओळ आठवली आणि ‘गहाळ केलं’ हे जरा नाटकी वाटलं. मी पाकिटाकडे पाहिलं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

खिडकीतल्या कारकुनानं तिन्ही पाकिटं घेतली, एक हातात दाबून पाहिलं.

“यात काय आहे?”

“कापड,” मी म्हणालो.

“गावातच जायचंय. उद्या सकाळी पोचेल, सही घेऊन देतील. पत्ता नीट बघून घ्या. एकदा शिक्का पडला की परत मिळत नाही.”

“म्हणूनच आलोय,” मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं.

त्यानं खांदे उडवले, तीनदा शिक्का मारला, आणि पाकिटं मागच्या पिशवीत टाकली.